तीस वर्षं उभ्या असलेल्या फियाटला सेल्फ मारण्याआधी

"गाडी चालू व्हई का, भाऊ?" अमळनेर असो की शिरपूर, प्रश्न हाच असतो. मळ्यातल्या पत्र्याच्या शेडमध्ये, कडब्याच्या गंजीमागे आजोबांची प्रीमिअर पद्मिनी, म्हणजे आपली फियाट, पंचवीस-तीस वर्षं उभी असते. नातवाला ती रस्त्यावर काढायची असते. त्याला जोडूनच पुढचा प्रश्न येतो: नवी बॅटरी टाकून एकदा सेल्फ मारून बघू का?

तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो. चालू होईल, बहुतेक गाड्या होतात. पण सेल्फ मारू नका. पहिले आठ-दहा दिवस बॅटरी गाडीच्या जवळसुद्धा नेऊ नका.

कारण असं. या 1089 सीसीच्या इंजिनात चार सिलिंडर आणि आठ व्हॉल्व्ह. इंजिन कुठंही थांबलं तरी एखाद्या सिलिंडरचा व्हॉल्व्ह उघडा राहतोच. श्रावण-भाद्रपदातली दमट हवा सायलेन्सरमधून नाहीतर कार्बोरेटरमधून त्या सिलिंडरात शिरते आणि पिस्टनच्या रिंगा जिथं टेकल्या आहेत तिथं बिडाच्या बोअरला, म्हणजे सिलिंडरच्या आतल्या भिंतीला, गंज धरतो. आपल्याकडे वर्षातले आठ महिने हवा कोरडी, म्हणून चारही सिलिंडर जाम झालेत असं क्वचितच दिसतं. एखादाच धरलेला असतो, आणि धोका तिथंच आहे. सेल्फचा जोर फ्लायव्हीलच्या दात्यांवरून येतो, म्हणजे कित्येक पटींनी वाढून येतो. धरलेली रिंग त्या झटक्यानं तुटते, नाहीतर रिंगेच्या खाचेजवळ ॲल्युमिनियमचा पिस्टन तडकतो. अडकलेला व्हॉल्व्ह असेल तर त्याला उघडणारा दांडा, म्हणजे पुशरॉड, वाकतो. थोड्या तेलानं सुटलं असतं ते काम बोअर-पिस्टनवर जातं.

बॉनेट उघडताना हातात काठी आणि टॉर्चचा उजेड असू द्या. कापसाच्या आणि ज्वारीच्या गावात बंद गाडी म्हणजे उंदरांचं घर, आणि उंदरांमागे साप येतो. एअर क्लीनरचं झाकण काढलं की आत बऱ्याचदा ओंजळभर कापूस, सरकीची टरफलं आणि लेंड्या सापडतात. तोंडाला रुमाल बांधा, आधी पाणी शिंपडा, मगच ते काढा. हवेनं उडवू नका. सायलेन्सरच्या तोंडात आणि बारीक नळ्यांमध्ये कुंभारीण माशीनं मातीची घरं केलेली असतात. ती तारेनं फोडून काढा.

आता स्पार्क प्लग. प्लगभोवतीच्या खळग्यात काळ्या मातीची धूळ दाबून बसलेली असते. प्लग आधी काढलात तर ती सगळी सिलिंडरात जाते, म्हणून पंपानं हवा मारून खळगा साफ करा. मग मुळाशी थोडं गंजावरचं तेल सोडून रात्रभर थांबा. हेड, म्हणजे सिलिंडरांवरचं झाकण, ॲल्युमिनियमचं आहे. प्लग कुरकुरायला लागला की पाव फेरा सोडवा, त्याच्या निम्मा परत आवळा, पुन्हा सोडवा. जोर केला तर हेडचे आटे प्लगसोबत बाहेर येतात. काढलेले चारही प्लग क्रमानं फळीवर मांडा. तीन कोरडे काळे आणि एक तांबूस गंजलेला असेल, तर व्हॉल्व्ह कुठं उघडा राहिला होता ते तिथंच कळतं.

प्रत्येक सिलिंडरात 50 मिली मिश्रण सोडायचं. बरेच मिस्त्री एटीएफ, म्हणजे पॉवर स्टिअरिंगचं लाल तेल, आणि ॲसिटोन निम्मं निम्मं घेतात. ते मिश्रण भेदक आहे, पण आपल्या उन्हात ॲसिटोन पाहता पाहता उडून जातं आणि चटकन पेटतं. आमचं मत एटीएफ आणि डिझेल निम्मं निम्मं या बाजूचं. दोन दिवसांनी प्लगच्या भोकातून स्वच्छ तार सोडून पाहा. तीन सिलिंडरांतलं तेल खाली उतरलं आणि एकात तसंच उभं असेल, तर संशय त्याच्यावर. पुन्हा भरा. आठ दिवस म्हणजे काही जास्त नाहीत.

मग फिरवायचं, तेही हातानं. प्लग बाहेरच ठेवा, भोकांवर फडकं टाका, कारण तेल पिचकारीसारखं उडतं. गाडी न्यूट्रलमध्ये घ्या. इंजिनाच्या पुढच्या टोकाला असलेल्या क्रँक पुलीच्या नटाला पाना लावा आणि समोरून पाहताना घड्याळाच्या दिशेनं एका हातानं दाब द्या. पान्याला पाइप लावून दांडा लांब करायचा मोह टाळा. दोन मिलिमीटर जरी हललं तरी काम झालं समजा. मग थोडं उलट, पुन्हा सुलट. उलट फिरवताना नटच सैल होत नाही ना, त्यावर लक्ष ठेवा. पाना बसत नसेल तर टॉप गिअर टाकून, हँडब्रेक सोडून, दोघांनी गाडी वीतभर पुढं-मागं डोलवायची. ढकलून धावडवायची नाही.

इंजिन मोकळं झालं की हेडवरचं टॅपेट कव्हर काढा आणि क्रँक पूर्ण दोन फेरे फिरवा. तेवढ्यात आठही व्हॉल्व्ह एकदा खाली जाऊन वर यायला हवेत. एखादा खालीच राहिला तर त्याचा पुशरॉड बोटानं खुळखुळतो. त्या व्हॉल्व्हच्या दांडीवर डिझेल सोडा आणि लाकडी ठोकळ्यानं हलकेच टिचक्या मारा. तो आपसूक वर येईपर्यंत पुढं जाऊ नका.

चेंबरचा, म्हणजे इंजिनाखालच्या तेलाच्या भांड्याचा, बूच सोडताना खाली पांढरं भांडं ठेवा. आधी पाणी येतं, कारण ते तेलाखाली बसलेलं असतं. चमचाभर पाणी म्हणजे हवेतला दमटपणा. पेलाभर आलं किंवा तेल दुधाळ दिसलं, तर हेडखालची गॅस्केट पाहावी लागेल. जमत असेल तर चेंबर उतरवाच. तळाशी डांबरासारखा गाळ असतो आणि तो ऑइल पंपाची जाळी बुजवतो. याच कारणानं इंजिन धुण्याची औषधं ओतू नका, त्यांनी गाळ सुटून जाळीवर जाऊन बसतो. साधं 20डब्ल्यू40 तेल डिपस्टिकच्या वरच्या खुणेपर्यंत भरा, थोडं टॅपेट कव्हरखालच्या रॉकरवर ओता.

पेट्रोलची जुनी टाकी जोडायचीच नाही. आतल्या पेट्रोलला वार्निशचा वास येत असतो. पहिल्या वेळी अर्धा लिटर ताजं पेट्रोल वेगळ्या डब्यातून द्या. इंजिनावरच्या पेट्रोल पंपाचा पडदा उन्हानं ताठ झालेला असतो. तो फाटला की पेट्रोल थेट चेंबरमध्ये उतरतं, तेल पातळ होतं आणि बेअरिंग जातं. डिपस्टिकला पेट्रोलचा वास आला तर तिथंच थांबा. पडदा आणि नळ्या नव्याच घाला, त्याही इथेनॉल सोसणाऱ्या. आज पंपावर मिळतं ते 20 टक्के इथेनॉलचं पेट्रोल जुन्या रबराला फुगवतं. कार्बोरेटरच्या जेटमध्ये तार घालू नका. पितळ मऊ असतं, भोक मोठं झालं की गाडी कायमची पेट्रोल पिते. केरसुणीची काडी आणि हवा पुरते.

डिस्ट्रिब्युटरमधल्या पॉइंटवर पांढरा थर आलेला असतो. तो बारीक कानशीनं घासून काढा आणि फट साधारण 0.4 मिलिमीटर ठेवा. प्लगच्या तारा उंदरांनी कुरतडल्यात का, वाकवून तपासा. जोडण्याचा क्रम 1-3-4-2.

रेडिएटरमध्ये बोअरचं पाणी भरत आल्यानं आत क्षाराचा थर बसलेला असतो. ब्लॉकचा नळ उघडून पाणी येत नसेल तर तारेनं गंज फोडा. थर्मोस्टॅट उकळत्या पाण्यात टाकून उघडतो का ते बघा.

आता बॅटरी. प्लग बाहेर ठेवूनच ऑइलचा लाल दिवा विझेपर्यंत दहा-दहा सेकंद सेल्फ मारा, मध्ये मिनिटभर थांबा. मगच प्लग लावा. गाडी शेडबाहेर काढा, कडबा आणि कापसापासून लांब. सायलेन्सरमध्ये राहिलेला काडीकचरा ठिणग्या टाकतो. बादलीभर वाळू आणि ओलं पोतं हाताशी ठेवा. मे महिन्यात 45 अंशांच्या आसपास पेट्रोल नळीतच वाफ होऊन अडतं, म्हणून सकाळी करा. गिअर न्यूट्रलमध्येच असू द्या. क्लच प्लेट फ्लायव्हीलला चिकटलेली असू शकते, मग क्लच दाबूनही गाडी उडी मारते.

सुरू झाल्यावर लाल दिवा पाच-सात सेकंदांत विझला नाही तर लगेच बंद करा. निळा धूर दहा-पंधरा मिनिटं येणारच, तो आपणच ओतलेल्या तेलाचा. गरम झाल्यावरही दाट पांढरा धूर येत राहिला आणि रेडिएटरचं पाणी घटलं तर गॅस्केट. खालून ठोके ऐकू आले तर बेअरिंग.

वीस मिनिटांनी बंद करा आणि तेल गरम असतानाच काढून टाका, ते काळं झालेलं असेल. मग कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरातला दाब, मोजा. चारही सिलिंडरांत 100 पीएसआय आले तर ते तीनमध्ये 130 आणि एकात 70 येण्यापेक्षा बरं. कमी आलेल्या सिलिंडरात चमचाभर तेल सोडून पुन्हा मोजा. आकडा वाढला तर दोष रिंगांचा, तसाच राहिला तर व्हॉल्व्हचा. रिंगांचा निघाला तरी हेड लगेच खोलू नका. ब्रेकचं काम उरकून गाडी दोनशे-तीनशे किलोमीटर सावकाश चालवा, तेल पुन्हा बदला आणि तोच सिलिंडर पुन्हा मोजा. चिकटलेल्या रिंगा पुष्कळदा तेवढ्यात मोकळ्या होतात.