टेंभुर्णी हेड : ‘टक’ एकदाचा सापडला

टेंभुर्णीच्या लाकडाचं गॉल्फ क्लबचं हेड बनवतोय. बॉल मारला की त्यात होणाऱ्या ज्या ‘टक’ आवाजाच्या नावानं मागच्या नोंदींमध्ये खडे फोडले, त्याचं कारण सापडलं. हेड फुटलेलं नाही, होझल (दांडा बसतो ती मान) शाबूत आहे. तरी गट्टू (वजनाचे सुटे तुकडे) बसवायचा हा आडवा बोगदा आता बाद.

आधी चांगली बातमी. त्या बोगद्यातल्या टाच (दांड्याकडची बाजू) ते टो (लांबची बाजू) अशा पितळी नळीत सहा गट्टू बसतात. १२ मिमी व्यास, १० मिमी लांबी. टंगस्टन मिश्रधातूचा एक २० ग्रॅमचा, बाकीचे अ‍ॅल्युमिनियमचे, प्रत्येकी जेमतेम ३. टंगस्टन एका टोकाकडून दुसऱ्या टोकाला नेला की २०० ग्रॅमच्या हेडचा सीजी (गुरुत्वमध्य) चार मिमीच्या थोडा वर सरकायला हवा. हेड सुरीच्या धारेवर तोलून पेन्सिलनं खुणा केल्या. चार मिमी! त्या दोन रेघा बघत चहा गार झाला, चालतंय.

आता टक. गच्चीवरच्या जाळ्यात (मागे जुन्या चादरी आहेतच) बॉल मारला की आत काहीतरी वाजायचं. ग्रीस, ओ-रिंग, कागदाची शिम, झाकणाखाली स्प्रिंग, सगळं झालं. झाकणाला निळं थ्रेडलॉकर (आटे जाम करणारा गोंद) लावलं, झाकण हललं नाही, आवाज तसाच. त्याहून पक्कं लाल लावा म्हणणाऱ्यांना हात जोडून सांगतो, ते सोडवायला २५० अंशांची आच लागते. तेवढ्यात एपॉक्सीही जाईल आणि लाकूडही.

शेवटी गट्टू काढून नळीत टॉर्च मारला. फेसकडच्या (बॉलला लागणाऱ्या बाजूच्या) भिंतीवर चकचकीत अर्धचंद्र, बरोबर टंगस्टनच्या कडेचे. मागची भिंत कोरी.

मग हिशेब मांडला. हेड ४० मीटर प्रति सेकंदानं आलं आणि बॉल ५८ नं निघाला, तर ४६ ग्रॅमच्या बॉलपायी हेडचा वेग सुमारे १३ मीटरनं पडतो, तोही अर्ध्या मिलिसेकंदाच्या आत. तेवढ्यापुरता २० ग्रॅमचा गट्टू सरासरी ६० किलोच्या जोरानं पुढे रेटतो. शिखराला त्याहून बराच जास्त. गट्टू आणि नळीत पाव मिमीचा प्ले (मोकळीक) आहे, म्हणून टक. झाकण आवळून तो नुसत्या घर्षणावर धरायचा तर दाब तीनशे किलोच्या घरात लागेल.

अक्कलकोट रोड एमआयडीसीतले आमचे लेथवाले मामा गॉल्फ कशाशी खातात हेही विचारणार नाहीत. नळी हातात फिरवून म्हणाले, “मार समोरून येतोय अन् तू आवळतोयस बाजूनं. कसं थांबंल ते?”

म्हणून नवा आराखडा: आडवा बोगदा रद्द. त्याऐवजी मागून पुढे जाणारे दोन, एक टाचेच्या बाजूला, एक टोच्या बाजूला. तळ फेसच्या बाजूला, झाकण मागे. गट्टू जिकडे पळू बघतो तिकडेच त्याला पक्का टेका. वर टंगस्टन कुठल्या बोगद्यात यावर ड्रॉ-फेड (बॉल कुठल्या बाजूला वळतो ते) आणि पुढे की मागे यावर स्पिन, दोन्ही हातात आले.

लिहिता लिहिता एक खटकलं. हेडमध्ये लाकडाचे रेषे टाच ते टो धावतात, म्हणजे तळाचा दाब रेष्यांना आडवा पडणार, आणि तिथं लाकूड हळवं असतं. टेंभुर्णी पर्सिमनच्याच (जुन्या लाकडी हेडांचं झाड) डायोस्पायरॉस प्रजातीची असली तरी तिच्या भरवशावर राहायचं नाही. मग नळी विकत घ्यायचीच नाही. सळईतून बंद तळाचा बुश (एका बाजूनं बंद नळी) काढायचा आणि मागच्या तोंडाला २६ मिमीची कॉलर ठेवायची. जोर तळ आणि कॉलर दोघांत वाटला जाईल. पितळ जास्त जाईल, मामा कुरकुरतील. पण वजनाच्या हिशेबात बसतंय, कारण दोन्ही बोगद्यांत मिळून आता चारच गट्टू.

टंगस्टनबद्दल: ‘शुद्ध’ म्हणून पाठवलेला माल पाण्यात मोजला तर घनता साडेसतरा निघाली. शुद्धाची एकोणीसच्या वर असते. काम भागतं, पण भाव शुद्धाचा लावला. पुढच्या वेळी दुसरीकडून.

आणि वजनं बदलणं नियमात बसतं का असं विचारलंय म्हणून: वजनाची अदलाबदल गॉल्फच्या नियमात चालते, पण फेरी सुरू झाल्यावर पान्याला हात लावायचा नाही. झाकणही खेळताना ढिलं होण्यासारखं नको. त्यासाठी आटे बारीक हवेत. एम१४ × १ चा (१४ मिमी, एक मिमी अंतराच्या आट्यांचा) आटे पाडायचा टॅप सोलापुरात कुणाकडे पडून असेल तर चार दिवस द्या, मामांकडे दीडचाच आहे.