बांते स्रेईच्या वाटेवरचं भूसुरुंग संग्रहालय

कंबोडियातल्या अंगकोरच्या मंदिरांवर पुष्कळ लिहिलं गेलंय, त्यामुळे ते दिवस इथे गाळतो. लिहायचंय ते सियाम रीपपासून साधारण २५ किलोमीटरवरच्या भूसुरुंग संग्रहालयाबद्दल. बांते स्रेई मंदिर आटोपून परतताना इथे अर्धा तास थांबायचं, असा अनेकांचा बेत असतो. अर्धा तास फार अपुरा आहे. निदान दोन तास हाताशी ठेवा.

आकी रा यांनी १९९७ मध्ये हे संग्रहालय सुरू केलं आणि २००७ मध्ये ते आताच्या जागी आलं. लहान वयात ख्मेर रूज या कट्टर कम्युनिस्ट गटाच्या सैन्यात ओढले गेलेल्या या माणसाने स्वतः सुरुंग पेरले होते. पुढे गावोगाव फिरून काठी आणि चाकूने त्यांनीच ते उकरून निकामी केले. मधल्या काचेच्या दालनात त्या निकामी सुरुंगांचा ढीग आहे.

पाहणारे आधी वळतात ते मोठ्या तबकड्यांकडे. हे रणगाडाविरोधी सुरुंग. सोव्हिएत टीएम-४६ मध्ये साडेपाच किलोहून जास्त टीएनटी हे स्फोटक असतं. पण माझं म्हणणं असं, की आधी लहान वस्तू बघा. चिनी टाइप ७२ हा हिरवा प्लास्टिकचा डबा जेमतेम पावणेआठ सेंटिमीटर रुंद, आत सुमारे ५० ग्रॅम स्फोटक. अमेरिकी एम-१४ मध्ये तर फक्त २९ ग्रॅम. एवढ्याशा स्फोटकाने माणूस बहुधा मरत नाही, पाऊल जातं. आणि हिशेब तोच आहे: जखमी सैनिकाला उचलायला आणखी माणसं अडकतात. सोव्हिएत पीएमएनमध्ये मात्र २४० ग्रॅम टीएनटी असतं, त्यात पाय बराच वरपर्यंत जातो. त्याच्या पुढच्या आवृत्तीत, पीएमएन-२ मध्ये, साधारण १०० ग्रॅम. वरच्या काळ्या रबरी फुलीवरून तो चटकन ओळखू येतो.

यांना शोधणं का जड जातं, ते इथे नीट उमगतं. टाइप ७२ किंवा एम-१४ मध्ये धातू म्हणजे जवळजवळ एका बारीक पिनेपुरता. तो ऐकू यावा म्हणून मेटल डिटेक्टर अतिशय संवेदनशील ठेवावा लागतो. मग प्रत्येक खिळा, प्रत्येक काडतुसाची पुंगळी वाजते, आणि कंबोडियाच्या लोहयुक्त लाल मातीत जमीनही वाजते. वाजलेली प्रत्येक जागा खरी धरूनच खणावी लागते. आधी गवत हाताने कापायचं, साधारण मीटरभर रुंदीची पट्टी आखायची, खूण करून थोडं अलीकडून खणायला लागायचं आणि सळई तिरकी खुपसत बाजूने पोहोचायचं. सरळ वरून टोचलं की दाबपट्टीवरच दाब येतो. सापडलेला सुरुंग शक्यतो हलवत नाहीत, शेजारी स्फोटक लावून जागीच उडवतात.

सियाम रीपमध्येच अपोपो या उंदरांना सुरुंग शोधायला शिकवणाऱ्या संस्थेचं केंद्र आहे. टांझानियात शिकवलेले मोठे आफ्रिकी उंदीर तिथे पाहायला मिळतात. ते टीएनटीचा वास घेतात, लोखंडाकडे लक्षच देत नाहीत आणि त्यांच्या वजनाने सुरुंग फुटत नाही. टेनिस कोर्टाएवढी जागा उंदीर अर्ध्या तासात तपासतो. मेटल डिटेक्टरवाल्या माणसाला त्याच जागेला चार दिवसही लागू शकतात. मगावा या उंदराने ७१ भूसुरुंग शोधले आणि २०२० मध्ये त्याला सुवर्णपदक मिळालं. या केंद्रासाठी वेळ काढाच.

तारेवरचे सुरुंग वेगळ्या जातीचे. पोम्झ-२ म्हणजे लाकडी खुंटीवर बसवलेलं खाचाखाचांचं बिडाचं नळकांडं. पायाने तार ओढली जाताच बिडाचे तुकडे चहूकडे उडतात. खुंटी कुजून ते आडवं पडतं आणि कुतूहलाने उचललं जातं. एम-१६ सारखे उसळणारे सुरुंग आधी जमिनीतून साधारण मीटरभर वर येतात आणि मग फुटतात, त्यामुळे शेजारचेही सापडतात. क्लेमोर हा सुरुंग जमिनीवर उभा असतो आणि सुमारे ७०० पोलादी गोळ्या एकाच दिशेला फेकतो.

सुरुंगांवर बंदी घालणारा ओटावा करार १९९७ चा, अंमल १ मार्च १९९९ पासून. त्यात फक्त माणसांवरचे सुरुंग येतात. रणगाडाविरोधी सुरुंगांना तो लागू नाही. अमेरिका, रशिया, चीन, भारत आणि पाकिस्तान करारात नाहीत.

ग्रामीण भागात, विशेषतः थायलंडच्या सीमेकडे, जाणाऱ्यांनी लाल कवटीचे फलक पाळावेतच. फोटोसाठी पायवाट सोडणारे पर्यटक पाहिले की संताप येतो. आणि पायवाट मळलेली आहे म्हणून गाडी घालू नका. रणगाडाविरोधी सुरुंगाला सहसा शंभर किलोहून जास्त दाब लागतो, म्हणून त्याच्यावरून माणसं वर्षानुवर्षं चालत राहतात. पावसाने वाट खचते, चाकोरी खोल होते, आणि मग एखादा भरलेला ट्रॅक्टर त्यावर येतो.