आठ आणे, गिरणीच्या पायरीशी

आपल्या शाळेच्या फाटकासमोर पिठाची गिरणी होती. माझ्या आगेमागे शिकलेल्यांना तिची घरघर अजून आठवत असेल. खिडकीकडच्या बाकांवर बसलं की दुपारनंतर बाईंचं अर्धं बोलणं त्या आवाजात जायचं. आमचा वाडा सदाशिव पेठेत, दोन गल्ल्या पलीकडे. दळण टाकणं आणि आणणं हे घरात माझं काम.

१९७९ साली मी पाचवीत होते. एका संध्याकाळी ज्वारीचं दळण घेऊन घरी आले, डबा खाली ठेवला आणि मूठ उघडली, तर उरलेले आठ आणे नव्हते. आई रागावली नाही. एवढंच म्हणाली, "आलीस त्याच वाटेनं परत जा, खाली बघत जा." तीन खेपा केल्या. गटाराच्या कडा, लावलेल्या सायकलींची चाकं, पानाच्या टपरीखालचा अंधार, सगळं वाकून पाहिलं. दिवेलागण झाली तशी रिकाम्या हातानं परत आले. त्या रात्री जेवण गेलं नाही.

शाळेच्या कचेरीत खिडकीशी एक 'हरवले-सापडले' पेटी असायची आणि तिच्याशेजारी दोरीनं बांधलेली वही. रकाने तीनच: वस्तू, ठिकाण, वर्ग. सापडवून देणाऱ्याचं नाव लिहायचं नाही, असा आमच्या वर्गशिक्षिका बाईंचा दंडक होता. त्या म्हणत, "नाव लिहायला लागलो की शाबासकीसाठी मुलं घरनं नाणी आणतील." दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत मी ती वही उघडली. शेवटची ओळ होती: 'आठ आणे. गिरणीच्या पायरीशी. ७ वी अ.'

बाईंनी विचारलं, "तुझंच कशावरून?" आता नाण्याला काय खूण सांगायची? आठ आण्यांसारखे आठ आणे. पण माझ्या तोंडून निघून गेलं, "त्याला पीठ लागलेलं असेल." बाईंनी पेटीतून नाणं काढलं आणि खिडकीच्या उजेडात धरलं. ५० च्या आकड्यातलं शून्य पिठानं भरलेलं होतं. बाकी नाणं पुसलं गेलं होतं, तेवढा तो पांढरा ठिपका राहिला होता. बाईंनी काही न बोलता ते माझ्या तळहातावर ठेवलं आणि माझी मूठ स्वतःच्या हातानं मिटवली.

पडताना त्याचा आवाज मला का आला नाही, हे तेव्हा उलगडलं. गिरणी चालू होती. आठ आणे फरशीवर पडले तर खणकन वाजतात, पण त्या घरघरीत कोण ऐकणार? ॲल्युमिनियमची नाणी तर तशीही वाजत नसत. चौकोनी पाच पैसे, फुलासारख्या कडेचे दहा पैसे पडले तरी कळायचं नाही. एक पैशाचं नाणं पाऊण ग्रॅमचं. शास्त्राच्या सरांनी पेटीतलाच एक बेवारशी पैसा घेऊन वाटीतल्या पाण्यावर अलगद आडवा ठेवला आणि तो तरंगला. पृष्ठताण हा शब्द मी त्या दिवशी शिकले, तो आजवर विसरले नाही.

तेव्हापासून रस्त्यानं जाताना माझी नजर खाली असते. मला वाटतं, नाणी पडायची ती हात भरलेले असायचे तिथे. पहाटेच्या दूध केंद्रावर, थंडीत बाटल्या सांभाळताना. रॉकेलच्या रांगेत. पीएमटीच्या, म्हणजे शहर बसच्या, पायरीवर, एका हातात दांडा आणि दुसऱ्यात पिशवी असताना. मंडईत कांद्याच्या सालपटांखाली मला एकदा कमळाचे पितळी वीस पैसे मिळाले. लोक ते पूजेत ठेवायचे, त्यामुळे कुणाचं तरी देवघरातलंच चुकून व्यवहारात आलं असणार. आजूबाजूच्या गाळ्यांवर विचारलं, कुणी आपलं म्हणेना. शेवटी शाळेच्या पेटीत टाकलं आणि ठिकाण लिहिलं, 'मंडई'. शाळेबाहेरचं चालतं का, म्हणून शिपाईमामा जरा घुटमळले. बाई म्हणाल्या, चालतं.

इतिहासाच्या सरांनी एकदा वर्गात शिवराई आणली होती. एका बाजूला 'श्री राजा शिव', दुसऱ्या बाजूला 'छत्रपति'. तांब्याचा तो झिजलेला तुकडा बाकाबाकावरून फिरला, आणि माझ्या हातात आला तेव्हा मला एकच विचार सुचला, हिच्यामागे कोण शोधत फिरलं असेल? जमिनीत दडवलेलं दहा रुपयांहून अधिक किमतीचं धन सापडलं तर जिल्हाधिकाऱ्यांना कळवावं लागतं, १८७८ चा तसा कायदा आहे, हेही सरांनी त्याच तासाला सांगितलं. मला आपली कचेरीतली वही त्या कायद्याची धाकटी बहीण वाटली.

पुढे आमचा वाडा पाडला, तेव्हा मोरीच्या फरशीखाली भोकाचा पैसा निघाला. आईनं तो दोऱ्यात ओवून देव्हाऱ्याच्या खुंटीला अडकवला, अजून तिथेच आहे. ३० जून २०११ नंतर पावली, म्हणजे चार आणे, आणि त्याखालची नाणी चलनातून गेली. त्यानंतरही गेंड्याचं चित्र असलेले चार आणे मला दोनदा रस्त्यात दिसले. घेणारं कुणी नसलं तरी उचलून घरी आणले. हल्ली भाजीवाल्या मावशींच्या पाटीवरही क्यूआर कोड आहे. नाणं पडणंच कमी झालं.

स्मरणिकेसाठी लिहाल का, असा निरोप आला तेव्हा हे लिहायचं लगेच ठरलं, ते एका कारणासाठी. १९७९ च्या सातवी 'अ'मधलं जे कुणी हे वाचत असेल, मुलगा की मुलगी तेही मला ठाऊक नाही, त्यांना सांगायचं आहे. गिरणीच्या पायरीशी तुम्हाला सापडलेले आठ आणे माझे होते. ते मला मिळाले. त्याच संध्याकाळी आईनं त्यातून कोथिंबीर आणि मिरच्या आणल्या, आणि ज्वारीच्या भाकरीबरोबर ठेचा केला.