अणू म्हणजे नक्की काय? मोलच्या गणितांनी खाल्लेले माझे तीन आठवडे

अकरावीत केमिस्ट्रीच्या मोल कॉन्सेप्टने मला तीन आठवडे जे रडवलंय ना, ते आठवलं की अजून डोकं फिरतं. आणि चूक माझी नव्हती. बरं, अर्धी होती.

आम्ही इंदूरचे, घरात मराठी, क्लासला हिंदी. भंवरकुआंच्या क्लासमधे सरांनी पहिल्याच दिवशी सगळं झपाझप उरकलं. डझन म्हणजे १२ तसं मोल म्हणजे ६.०२२×१०^२३ नग, ग्रॅमला मोलर मासने (एका मोलचं ग्रॅममधलं वजन) भागा की मोल, मोलला या आकड्याने गुणा की नग. जमलं.

मग टेस्टमधे आलं, ८ ग्राम ऑक्सीजन में अणुओं की संख्या. मी ८ ला ऑक्सिजन ॲटमच्या १६ ने भागलं, अर्धा मोल, ३.०११×१०^२३. चूक! घरी आईला दाखवलं, ती नागपूरला शिकलेली, म्हणाली बरोबर तर आहे, अणू म्हणजे ॲटमच. सर म्हणतात ३२ ने भाग, "ओ-टू है भाई", बस, पुढे काही नाही. पुढच्या टेस्टमधे "परमाणु" विचारले, मला वाटलं हे अणूपेक्षा बारीक काहीतरी असणार, सोडूनच दिलं. रोज संध्याकाळी डाऊट काउंटरला टोकन घेऊन पाऊण तास उभं राहायचं आणि नंबर आला की काउंटरवालाच चहाला गेलेला.

शेवटी लाइनीतल्याच एका सिनिअर ताईने सांगितलं, अरे, हिंदीत अणु म्हणजे मॉलिक्यूल आणि परमाणु म्हणजे ॲटम. म्हणजे आपला रेणू तो त्यांचा अणु! तीन आठवडे!! एवढं एक वाक्य कुणी पहिल्या दिवशी सांगितलं असतं तर?

पक्कं मात्र आजीमुळे झालं. ती लाखवातीच्या वाती मोजत बसत नाही, हजार मोजून वजन करते, मग बाकीच्या सरळ काट्यावर. हेच तर मोल! आणि ऑक्सिजन म्हणजे जोडवात, एका जोडवातीत दोन वाती. ८ ग्रॅम म्हणजे पाव मोल जोडवाती, १.५०५५×१०^२३ रेणू, आणि सुट्या वाती, म्हणजे ॲटम, त्याच्या दुप्पट. माझं जुनं उत्तर ॲटमचं होतं, आकडा चुकलाच नव्हता.

हां, एक राहिलं. भागायचं की गुणायचं गोंधळ झाला तर उत्तर नुसतं बघा. मी एकदा पाण्याच्या एका रेणूचं वजन काढताना १८ ला, म्हणजे पाण्याच्या मोलर मासला, ६.०२२×१०^२३ ने भागायच्या ऐवजी गुणलं, आलं १.०८×१०^२५ ग्रॅम, म्हणजे चंद्राच्या साधारण सातव्या हिश्शाएवढा एक रेणू. खरं उत्तर ३×१०^-२३ ग्रॅमच्या आसपास. आणि प्रश्नात अणु दिसला की आधी पेपर कुठल्या भाषेत आहे ते बघा, मग पेन उचला.

आई अजून म्हणते नाव हिंदीवाल्यांनीच चुकीचं ठेवलंय. मी वाद घालत नाही, पेपर त्यांचा आहे.