आमची वाटचाल : एका नियमाची एकच जागा

सन २००३ मध्ये आम्ही सांगलीत हिशेबाची सॉफ्टवेअर बनवणारी ही संस्था सुरू केली, तेव्हा आमचे ग्राहक म्हणजे मार्केट यार्डातील अडत दुकाने, म्हणजे शेतमाल विकून देऊन त्यावर अडत (कमिशन) घेणारी दुकाने होती. शेतकऱ्याचा माल येतो, सौदा होतो, वजन होते. मग अडत, हमाली, तोलाई आणि आधी घेतलेली उचल वजा होऊन शेतकऱ्याच्या हाती पट्टी, म्हणजे हिशेबाचा कागद, पडते आणि खरेदीदाराच्या नावे बिल निघते. हा सारा हिशेब आम्ही प्रथम डॉस या जुन्या संगणक प्रणालीवरील फॉक्सप्रो या साधनात बसवला. ते साधन वेगवान आणि भरवशाचे होते, हे कृतज्ञतेने नमूद करावेसे वाटते.

मात्र त्या पद्धतीत पट्टी छापणारा प्रोग्राम अडत स्वतः काढी, बिलाचा प्रोग्राम तीच पुन्हा काढी, आणि खतावणीत तिसऱ्यांदा तेच सूत्र लिहिलेले असे. प्रोसिजर (कामाचे स्वतंत्र तुकडे) वेगळ्या काढता येत होत्या, पण आकडे पब्लिक व्हेरिएबलमध्ये, म्हणजे कोडच्या कोणत्याही भागाला बदलता येतील अशा जागी, असल्यामुळे कोणती प्रोसिजर कोणता आकडा कधी बदलते, हे सगळा कोड वाचल्याशिवाय सांगता येत नसे. ग्राहक वाढले, प्रत्येक पेठेचे रिवाज निराळे निघाले, तेव्हा आम्ही संपूर्ण प्रणाली सी-शार्प या प्रोग्रामिंग भाषेत ऑब्जेक्ट-ओरिएंटेड पद्धतीने नव्याने लिहिण्याचे ठरवले. या पद्धतीत माहिती आणि तिच्यावरचे काम एकत्र बांधून त्यांचे ऑब्जेक्ट करतात.

ही विचारसरणी जिथे जन्मली ती सिम्युला भाषा ओले-योहान डाल आणि क्रिस्टन न्यूगार्ड यांनी १९६० च्या दशकात ऑस्लो येथे घडवली, आणि तिचा हेतूच प्रत्यक्ष व्यवहारांचे संगणकावर अनुकरण करणे हा होता. यार्डातील व्यवहारासाठी ती इतकी चपखल का बसते, याचे उत्तर मला या उगमात दिसते.

आमच्या कोडमध्ये पट्टी हा एक क्लास (ऑब्जेक्टचा साचा) आहे आणि वजावट हा एक इंटरफेस, म्हणजे काय करता आले पाहिजे एवढेच सांगणारा करार, ज्यात रक्कम काढण्याची एकच मेथड (कृती) आहे. हमाली नगावर ठरते, तोलाई वजनावर, अडत टक्केवारीने; परंतु पट्टीला यातले काहीच ठाऊक नसते. ती आपल्याकडील प्रत्येक वजावटीला रक्कम विचारते आणि बेरीज करते. उचलीची बाकी शेतकऱ्याच्या खात्याच्या ऑब्जेक्टमध्ये बंदिस्त असते, जमा किंवा नावे नोंद केल्याशिवाय तिला बाहेरून कोणीही हात लावू शकत नाही. पैशाच्या हिशेबात एन्कॅप्सुलेशनचे, म्हणजे माहिती अशी बंदिस्त ठेवण्याचे, हे संरक्षण मला इतर सर्व फायद्यांपेक्षा मोलाचे वाटते.

या मांडणीची खरी कसोटी जुलै २०१६ मध्ये लागली. फळे आणि भाजीपाल्याची अडत शेतकऱ्याऐवजी खरेदीदाराकडून घ्यावी, असा निर्णय राज्य शासनाने केला. आमच्या दृष्टीने त्याचा अर्थ इतकाच होता की, अडतीचा ऑब्जेक्ट पट्टीच्या यादीतून निघून बिलाच्या यादीत जाणार होता. अडत काढण्याचे सूत्र, छपाई आणि खतावणी यांपैकी कशालाही धक्का लागला नाही. पुढे १ जुलै २०१७ रोजी जीएसटी आला, तेव्हाही कराचा क्लास बदलला आणि बिलाचा तसाच राहिला.

इनहेरिटन्सच्या, म्हणजे एका क्लासपासून दुसरा उतरवण्याच्या, बाबतीत मात्र आम्ही हात आखडता ठेवतो. गूळ, हळद, बेदाणा यांचे क्लास एका मूळ शेतमालापासून उतरवत नेण्याचा मोह होतो, पण मालांमधला फरक बहुधा एकक आणि दर यांचाच असतो, आणि तो माहिती म्हणून टेबलमध्ये ठेवणे पुरेसे आहे. वर्तन खरोखर निराळे असेल तरच नवा क्लास करायचा, हा आमच्याकडील शिरस्ता आहे. नव्याने रुजू झालेल्या मुलामुलींना आम्ही प्रथम यार्डात नेऊन सौदा दाखवतो आणि नंतर कोड उघडतो. तिथे ऐकलेलेच शब्द क्लासच्या नावांत भेटत असल्यामुळे ती लवकर कामाला लागतात.

अलीकडे शेती अवजारांच्या दुकानांचेही काम आमच्याकडे आले आहे. २२ सप्टेंबर २०२५ पासून ठिबक संचावरील कर १२ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर आला. आमच्या दराच्या ऑब्जेक्टमध्ये टक्केवारीसोबत ती लागू होण्याची तारीखही असते, म्हणून ऑगस्टमध्ये विकलेला संच ऑक्टोबरमध्ये परत आला, तर त्याची क्रेडिट नोट (परत आलेल्या मालाची रक्कम ग्राहकाच्या नावे जमा करणारा कागद) मूळ बिलाच्या तारखेनुसार १२ टक्क्यांनीच निघते आणि दुकानदाराला जुना दर शोधत बसावे लागत नाही.