किलीमांजारो, माचामे रूट, ७ दिवस: जाणार असाल तर वाचा

जानेवारीत आम्ही नाशिकचे चौघं किलीमांजारो करून आलो, तेव्हापासून फोन चालूच आहेत की जॅकेट कुठलं घेतलं, थंडी किती होती, म्हणून एकदाच सगळं लिहून टाकते.

पहिलं म्हणजे उंची डोक्यात नीट बसू द्या. शिखर ५८९५ मीटर. आपली कळसूबाई १६४६, आणि माचामे गेट, जिथे जीप आपल्याला उतरवते, तेच साधारण १८०० वर, म्हणजे कळसूबाईच्या डोक्यावरून चालायला सुरुवात! टेक्निकल असं काही नाही, बारांकोच्या भिंतीवर थोडे हात लावावे लागतात तेवढंच, आपल्या एएमके (अलंग-मदन-कुलंग) करणाऱ्यांना त्याचं काही वाटणार नाही. पण वर हवेचा दाब समुद्रसपाटीच्या निम्माच असतो, तिथे सह्याद्रीतला स्पीड कामाला येत नाही. गाईड दिवसभर "पोले पोले" म्हणजे हळूहळू म्हणत असतो, ऐका त्याचं. आमच्यातला सगळ्यात फिट मेंबर पहिल्या दिवशी पुढे पळाला आणि तिसऱ्या दिवशी लाव्हा टॉवरला, ४६०० मीटरवर, डोकं धरून बसला.

आता हवामान, कारण पॅकिंग सगळं त्यावरच आहे. डोंगर विषुववृत्ताच्या तीनच अंश खाली, त्यामुळे उन्हाळा-हिवाळा असं फारसं नाहीच, फरक पावसाचा. मार्च ते मे मोठा पाऊस, नोव्हेंबरच्या आसपास छोटा, ते टाळा. जानेवारी-फेब्रुवारी नाहीतर जून ते ऑक्टोबर बरं. तरी पहिल्या दिवशी जंगलात आम्ही चिंब भिजलोच, कारण हिंदी महासागराकडून येणारी ओली हवा दक्षिणेच्या उतारावर अडते आणि माचामे नेमका त्याच बाजूला आहे. गंमत अशी की आपल्याकडे घाटात वर जावं तसा पाऊस वाढतो, इथे जंगल संपलं की उलट कमी होत जातो आणि माथ्यावर तर वाळवंटच, फक्त थंड. खाली चागा लोकांची केळी आणि कॉफी, मग मॉस लटकणारं जंगल, मग झुडपं, मग नुसते दगड, आणि हे सगळं चार दिवसांत.

रोजचं घड्याळ पण ठरलेलं. सकाळी आभाळ स्वच्छ, दहा-अकराला खालून ढग चढायला लागतात, दुपारी धुक्यात दहा फुटांवरचं दिसत नाही, संध्याकाळी ढग पायाशी बसतात आणि रात्री चांदणं. म्हणून फोटो सहा-सातलाच काढून घ्या, कपडे वाळवायचे तर पण तेव्हाच. वर्षभरात तापमान बदलत नाही तेवढं एका दिवसात बदलतं, बारांकोला दुपारी टी-शर्टवर होतो आणि पहाटे टेंटवर बर्फाचा थर. तिथली झाडं पण याच हिशोबाने जगतात, मोठे सेनेसिओ आपली वाळलेली पानं टाकतच नाहीत, खोडाला गोधडीसारखी गुंडाळून ठेवतात आणि लोबेलिया रात्री पानं मिटून घेतं. मी तिथे जरा जास्तच वेळ बसले, गाईड वैतागला.

सहा दिवसांचं पॅकेज स्वस्त मिळतं, घेऊ नका. सातव्या दिवसाचे पैसे म्हणजे कारांगा कॅम्पवरची एक जास्तीची रात्र, शरीराला तेवढाच वेळ मिळतो. डायमॉक्सचं, म्हणजे उंचीच्या त्रासावरच्या गोळीचं, डॉक्टरांना विचारूनच ठरवा.

शेवटचा कॅम्प बराफू, ४६७३ मीटर. स्वाहिलीत बराफू म्हणजे बर्फच! रात्री बाराला निघालो. इतक्या रात्री का, तर घसरडी खडी गोठलेली असते आणि सकाळी ढग यायच्या आत खाली यायचं असतं. थंडी उणे दहाच्या पुढे आणि वर वारा. माझ्या पाण्याच्या बॅगची नळी दोन तासांत गोठली, सहा तास मैत्रिणीच्या बाटलीवर काढले. तुम्ही साधी रुंद तोंडाची बाटली मोज्यात घालून उलटी ठेवा, बर्फ वरून धरतो म्हणजे झाकणाकडे पाणी राहतं. फोन आतल्या खिशात, नाहीतर बॅटरी मरते. स्टेला पॉइंटला, ५७५६ मीटरवर, सूर्य उगवला आणि मी चक्क रडले, मग उहुरूपर्यंत, म्हणजे शिखरापर्यंत, अजून पाऊण तास. बाजूला हिमनदीच्या भिंती दिसतात, १९१२ पासून ८० टक्क्यांहून जास्त बर्फ गेलाय. हवा इतकी कोरडी की बराचसा बर्फ पाणी न होता थेट उडून जातो, आणि वरून नवीन पडतो तो पुरत नाही.

उतरताना खडीत गुडघ्यांची वाट लागते, गेटर (बुटांवरून पायाला बांधायचं आवरण) आणि दोन काठ्या हव्यातच. सनस्क्रीन कानाला आणि नाकाच्या आतल्या कडेला पण लावा, माझे कान आठवडाभर सोलत होते. टांझानियात २०१९ पासून प्लॅस्टिकच्या कॅरीबॅगवर बंदी आहे, तेव्हा कपडे आपल्या नेहमीच्या पिशव्यांत भरून नेऊ नका, कापडी घ्या. पोर्टरकडे द्यायची डफल बॅग १५ किलोच्या आत. आणि खाऊ म्हणून चिक्की नेऊ नका, बराफूच्या वर ती दगड होते, एकाची दाढ थोडक्यात वाचली. लाडू न्या.