भुवया काढून टाकलेला चेहरा

जॉन कारपेंटर यांच्या १९७८ सालच्या ‘हॅलोविन’ या भयपटात खुनी मायकेल मायर्स जो पांढरा मुखवटा घालतो, त्याची प्रतिकृती करण्यात माझे गेले आठ महिने गेले आहेत. पहिला मुखवटा मी मोडला, दुसरा आता टेबलावर आहे, आणि पहिला का फसला हे नीट लिहून ठेवावे असे फार दिवसांपासून मनात होते.

मूळ मुखवटा या चित्रपटासाठी घडवलेला नव्हताच. चित्रपटाचे कलादिग्दर्शन आणि संकलन सांभाळणाऱ्या टॉमी ली वॉलेस यांनी हॉलिवूड बुलेव्हार्डवरच्या जादूच्या सामानाच्या दुकानातून दोन डॉलरांहूनही कमी किमतीत एक तयार मुखवटा आणला. तो डॉन पोस्ट स्टुडिओजने १९७५ साली काढलेला, ‘स्टार ट्रेक’ या मालिकेतल्या कॅप्टन कर्कचा, म्हणजेच अभिनेते विल्यम शॅटनर यांच्या चेहऱ्याचा होता. वॉलेस यांनी त्याच्या भुवया आणि कल्ले काढले, डोळ्यांची भोके कापून मोठी केली, केस विस्कटून गडद केले आणि चेहऱ्यावर पांढरा रंग फवारला. त्याच वेळी एका विदूषकाच्या मुखवट्याचाही विचार झाला होता, पण सर्वांना धडकी भरली ती या निर्विकार पांढऱ्या चेहऱ्यानेच.

ही हकीकत मला ठाऊक होती, तरीही पहिल्या वेळी मी चित्रपटातली दृश्ये समोर ठेवून थेट मायकेलचा चेहरा घडवायला बसलो आणि तिथेच चुकलो. पडद्यावर भयानक दिसणारा चेहरा मातीत उतरवताना हात आपोआप भय घडवू लागतो. कपाळ पुढे झुकले, ओठांच्या कडा खाली वळल्या, गालांना खळगे पडले, आणि जे तयार झाले ते कुठल्याही भुताचे तोंड होते. मूळ मुखवट्यात यातले काहीच नाही. तो एका देखण्या, सौम्य माणसाचा चेहरा आहे आणि त्यातून ओळखीच्या खुणा तेवढ्या काढून घेतल्या आहेत. म्हणून दुसऱ्या वेळी मी मायकेलची चित्रे बाजूला ठेवून आधी कर्क घडवला, भुवया आणि कल्ल्यांसकट, आणि मग वॉलेस यांनी जे जे केले ते ते त्या चेहऱ्यावर केले.

मूळ चेहरा शाडूत घडवला आणि तो वाळून तडकू नये म्हणून रात्री ओल्या फडक्यात गुंडाळून ठेवला. त्यावरून प्लास्टरचा दोन भागांचा साचा घेतला आणि त्यात लेटेक्स, म्हणजे द्रवरूप रबर, ओतले. कोरडे प्लास्टर लेटेक्समधले पाणी शोषून घेते आणि साच्याच्या आतल्या बाजूने रबराचा थर धरू लागतो. थर पुरेसा जाड झाला की उरलेले लेटेक्स ओतून काढायचे. वाळताना ते थोडे आकसते, त्यामुळे मातीचा चेहरा किंचित मोठाच घडवावा लागतो. प्रतिकृती ओळखतानाही हीच गोष्ट उपयोगी पडते, कारण मुखवट्यावरून साचा आणि साच्यातून पुन्हा मुखवटा असे जितक्या वेळा होते तितका चेहरा लहान आणि बारीक रेषा बुजलेल्या निघतात.

सर्वांत जास्त वेळ डोळ्यांनी घेतला. कापलेले लेटेक्स पुन्हा जुळत नाही, म्हणून मी दर खेपेला दोन मिलिमीटरहून जास्त कापले नाही आणि प्रत्येक वेळी मुखवटा डोक्यावर चढवून, दिवा वरून धरून आरशात पाहिले. भोके एका मापाला पोहोचताच आतले डोळे सावलीत बुडाले आणि समोर नुसते दोन काळे खळगे उरले. त्या क्षणी मी कात्री खाली ठेवली.

रंगाबाबत चित्रपटातल्या चौकटीवर विसंबू नये, असे माझे ठाम मत आहे. नायिका लॉरीच्या मागच्या अंधाऱ्या दारातून तो चेहरा हळूहळू उजळत येतो, तिथला निळसर पांढरेपणा बराचसा छायालेखक डीन कंडी यांच्या प्रकाशयोजनेचा आहे. तोच निळेपणा मुखवट्यालाही फासला, तर तसा प्रकाश पडताच तो दुप्पट निळा दिसतो. मी रंग ठरवला तो दिवसाउजेडी कुंपणाच्या झाडीपाशी मायकेल उभा दिसतो त्या दृश्यावरून. साध्या स्प्रेचा रंग, लेटेक्स ताणले जाताच, मानेपाशी सोलून निघाला, म्हणून आता पांढरा रंग लेटेक्समध्येच कालवून पातळ हात देतो आणि खालचा त्वचेचा रंग कडांना किंचित दिसू देतो.

राहिला प्रश्न डोक्याचा. १९८१ सालच्या दुसऱ्या भागात हाच मुखवटा मायकेलच्या भूमिकेतल्या डिक वॉरलॉक यांनी घातला आणि तो वेगळाच, रुंद दिसला, कारण पहिल्या भागातल्या निक कॅसल यांचा चेहरा अरुंद होता. माझेही डोके रुंदच आहे. त्यामुळे केसांचे काम हाती घेण्याआधी मी आता कॅसल यांच्या ठेवणीचे एक अरुंद डोके प्लास्टरमध्ये ओततो आहे, आणि मुखवटा त्यावरच बसवणार आहे.